शिंगांवर जाऊ नका

आमचे भावोजी माणसांची तोंडं विसरतात. लग्नाच्या हॉलमध्ये सख्ख्या मावससासऱ्यांना त्यांनी "केटरिंगचे का आपण?" असं अदबीने विचारलं होतं. पण तिबेटच्या पठारावरची चिरू नात्याने कोणाची कोण, हे त्यांना मध्यरात्री उठवून विचारा. "दिसायला काळविटाची बहीण, पण जनुकं बघाल तर शेळ्या-मेंढ्यांच्या घरातली," असं डोळे न उघडता सांगतील आणि वर बजावतील, "शिंगांवर जाऊ नका."

हे त्यांचं लाडकं वाक्य. भावोजी जनुकांवरून कुरंगांची नाती लावतात. त्यांच्यासमोर चुकूनही 'हरणं' म्हणू नका. हरणांची शिंगं दरवर्षी गळतात, काळवीट-चिंकाऱ्यांची जन्मभर राहतात, इथपासून सुरुवात होते आणि पुढ्यातला चहा गार होतो. गंमत अशी, की एवढा जन्म घालवून त्यांनी आम्हाला शेवटी काय सांगितलं, तर कुरंग नावाचं एकसंध घराणंच नाही! गवयांच्या मोठ्या कुळातून गायी-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या काढून घेतल्या की मागे जे उरतात, ते सगळे कुरंग. "म्हणजे तुम्ही उरलेल्यांचा अभ्यास करता," असं ताई म्हणाली. भावोजींना हे फार आवडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मोरगावच्या गणपतीला जायचं ठरलं की भावोजी उत्साहाने तयार होतात. भक्ती वगैरे काही नाही. वाटेवर सुपे लागतं आणि सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांचं. खिशात वनखात्याचं परवानगीपत्र घडी घालून ठेवलेलं असतं (गाडीची कागदपत्रं घरी राहिलेली असतात). डीएनएसाठी चिंकाऱ्यांच्या लेंड्या वेचायच्या असतात. त्या सकाळच्या, ताज्या हव्यात, कारण उन्हाने डीएनए बिघडतो. हात लावायचा नाही, नाहीतर अहवालात चिंकाऱ्याऐवजी आपणच निघू. लेंडीच्या बाहेरच्या पातळ थरात जनावराच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, सगळी माया त्या थरावर. चिमट्याने उचलून, अल्कोहोलच्या कुपीत घालून ते असे उभे राहतात की प्रसाद त्यांनाच मिळाला. एकदा एक धनगर हे सगळं शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "सायेब, ही माझ्या शेळीची हाय." तपासणीत शेळीच निघाली. घरच्या फ्रीजमध्ये मटारांशेजारी एक डबा असतो, त्यावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'मनुका नव्हेत.'

विदर्भातले मामा एकदा कावून आले होते. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तुरीचं शेत साफ केलं होतं. भावोजींचा चेहरा उजळला. "मामा, रोही काळविटाला फार लांबची बरं का! ती तुमच्या गायीच्याच उपकुळातली. तिला खरा जवळचा म्हणजे चौशिंगा." मामांनी थोडा विचार केला. "मग जावईबापू, भरपाई गोठ्यात मागू का?"

पुराव्याशिवाय भावोजी कोणालाच आपलं म्हणत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतला ब्लूबक हा कुरंग १८०० च्या सुमारास संपला. युरोपातल्या संग्रहालयांत त्याच्या नावाची मोजकी कातडी, शिंगं, कवट्या उरल्या. त्यांचा डीएनए काढला, तर त्यांतले काही नमुने ब्लूबकचे नव्हतेच, रोन आणि सेबल या त्याच्या भाऊबंदांचे निघाले. हे वाचल्यापासून भावोजींचा पाट्यांवरचा विश्वास उडाला. आजेसासऱ्यांच्या श्राद्धाला भिंतीवरच्या फोटोकडे बघून ते हळूच म्हणाले, "हा त्यांचाच कशावरून?" गुरुजींचा मंत्र चुकला.

त्यांची खरी जुंपली ती कुलवृत्तांतवाल्या काकांशी. एका पंगतीला काकांनी अकरा पिढ्यांचं बाड आणलं होतं. भावोजींनी ते आदराने चाळलं आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

"त्या परक्या घरच्या."

"काका, मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. या अकरा पिढ्यांतल्या एकाही पुरुषाचा तुमच्यात आलेला नाही."

काकांनी आळूचं फदफदं बाजूला सारलं. तेवढ्यात ताई वाढता वाढता म्हणाली, "अहो, पण तुमच्या त्या कुरंगांच्या वंशाच्या झाडात तरी बाप कुठे आहेत?"

दुसरा कोणी गप्प बसला असता. भावोजी खूश! तेच तर दुखणं आहे म्हणाले. नुसत्या मायटोकाँड्रियावर झाड बांधलं तर आईकडचीच गोष्ट कळते, आणि जुन्या काळी दोन जातींत संकर झाला असेल तर ती गोष्ट साफ फसवते. म्हणून केंद्रकातला डीएनएही वाचावा लागतो. २०१९ साली 'सायन्स' मासिकात ५१ रवंथी प्राण्यांचे पूर्ण जनुकसंच ताडून झाड पुन्हा मांडलं गेलं, ते त्यांनी काकांना ताटाभोवतीच्या रांगोळीत बोटाने काढून दाखवलं. काका रुसणं विसरून "ही फांदी कोणाची?" विचारू लागले. फांदी नक्की की कच्ची, याचाही आकडा असतो आणि तो कमी असला की भावोजी "अजून ठरायचंय" एवढंच म्हणतात. कुलवृत्तांतात असा रकाना नसतो, याचं काकांना त्या दिवशी वाईट वाटलं असावं.

परवा भाचीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "आपलं लांबून नातंच निघतं, बरं का!"

इतका वेळ पेंगत असलेले भावोजी ताठ बसले. "लांबून म्हणजे नक्की किती?" असं म्हणत ते पेन शोधू लागले. ताईने पर्सची चेन लावून घेतली.