देणगीदारांच्या पाटीवर एक नाव कमी

सोलापुरात एप्रिल उजाडला की आमच्या भागातल्या वाचनालयाची वाचकसंख्या एकदम वाढते. साहित्याची गोडी पाऱ्याबरोबर चढते, असा इथला अनुभव आहे. पारा त्रेचाळीसला टेकला की पेन्शनर मंडळी घरचा कूलर नातवंडांच्या हवाली करतात, वाचनालयात येऊन पंखा गाठतात आणि एका पेपराची पानं सुटी करून आपसांत वाटून घेतात. निधनवार्तेच्या पानाला नंबर लावावा लागतो. पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहिलेलं आहे. पंखा फिरत असेपर्यंत दात्याचं नाव वाचता येत नाही. वीज गेली की सगळ्यांना त्याची आठवण होते. कपाटांवर नावं आहेत, खुर्च्यांच्या पाठीवर नावं आहेत, आणि दाराशी संगमरवरी पाटीवर मोठ्या देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरलेली आहेत.

ती पाटी चुकलेली आहे. सगळ्यात मोठ्या देणगीदाराचं नाव तिच्यावर नाही. ते टेबलामागे बसलेलं असतं. ग्रंथपाल. आम्ही त्यांना अक्का म्हणतो.

हिशेब मांडतो. वाचनालय 'ड' वर्गातलं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान दिलं जातं. २०२२-२३ पासून शासनाने या अनुदानात तब्बल ६० टक्के वाढ केली आणि 'ड' वर्गाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. वर्षाचे. महिन्याचे समजून ज्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला असेल त्यांनी त्याला परत बोलवावं. या ४८ हजारांतले निम्मे पगाराचे आणि निम्मे पुस्तकं, पेपर, वीजबिल, झाडू, रजिस्टरं यांचे. पगाराचे २४ हजार, भागिले बारा: महिना २,००० रुपये. वाढीआधी १,२५० होते. ६० टक्के पगारवाढ हिंजवडीतल्या आयटीवाल्यालासुद्धा एका झटक्यात मिळत नाही, हे अक्कांनी कृतज्ञतेने लक्षात ठेवावं.

आता दुसरा आकडा. दुष्काळाची सवय असलेल्या आमच्या जिल्ह्याला रोजगार हमीचे दर पाठ असतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर रोजाला ३१२ रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७,८०० होतात. अक्का २,००० घेतात, म्हणजे ५,८०० सोडतात. वर्षाला ६९,६००. शासन देतं ४८,०००. म्हणजे आमच्या वाचनालयाला सर्वाधिक अनुदान अक्का देतात. महाराष्ट्र शासन दुसऱ्या क्रमांकावर आहे.

कुणी जाणकार म्हणेल, अहो, 'ड' वर्गाचं वाचनालय दिवसभर कुठं उघडं असतं? बरोबर आहे, घासाघीस व्हायलाच हवी. अर्धा रोज धरू. १५६ गुणिले पंचवीस, ३,९००. अक्का महिन्याला १,९०० सोडतात, वर्षाला २२,८००. पगारापोटी शासनाचे २४,००० आणि अक्कांचे २२,८००. जवळजवळ निम्म्या-निम्म्याची भागीदारी झाली. दाराच्या बोर्डावर मात्र 'शासनमान्य' एवढंच आहे. आणि हा दर माती उचलण्याचा लावलाय. वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंदवही, साठा तपासणी, अहवाल आणि 'तो निळ्या कव्हरचा कादंबरीकार द्या' या मागणीवरून नेमकं पुस्तक काढून देणं, हे अजून फुकटच चाललंय.

वर चढलं की बरं असेल, असं वाटतं. सगळ्यात वरचा वर्ग 'जिल्हा अ'. तिथं वाढीनंतरचं अनुदान ११,५२,०००. पगाराचा निम्मा हिस्सा महिन्याला ४८ हजार, आणि तो ग्रंथपालापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तिकडे अनुदानित कॉलेजच्या ग्रंथपालाचं सातव्या वेतन आयोगातलं पहिल्या दिवसाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. एका गल्लीतलं जिल्हा ग्रंथालय आणि दुसऱ्या गल्लीतलं कॉलेज. इकडे अख्ख्या स्टाफचा पगार तिकडच्या एका मूळ वेतनात मावतो आणि वर जवळपास दहा हजार उरतात. अर्थात ते ५७,७०० मिळायला आधी जागा भरली जायला हवी. कॉलेजच्या जागा कशा भरल्या जातात, हे विचारून मी कुणाची दुपार खराब करणार नाही.

शासनाने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणवत नाही. समित्या नेमल्या. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली. सेवकांना वेतनश्रेणी, सेवाशर्ती असा विषय मांडला गेला. या अहवालांना माझ्या मते संदर्भग्रंथांचा दर्जा द्यावा. संदर्भग्रंथ जागेवर बसून बघता येतो, घरी नेता येत नाही.

आमच्या बाजूनेही पापं झालीच. काही ठिकाणी वाचनालय म्हणजे एक बोर्ड, एक कुलूप आणि अनुदानाच्या तारखेला जागा होणारा अध्यक्ष, एवढाच संसार होता. २०१२ साली महसूल खात्याने दारोदार जाऊन तपासणी केली आणि बरेच बोर्ड उघडे पडले. त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबली. चोरांसाठी लावलेलं कुलूप घरच्यांनाच भोवलं. पुस्तकं वाढली, सभासद वाढले, पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं पहाटेपासून अभ्यासिकेत बसायला लागली, तरी आमचं वाचनालय नापास झालेल्या पोरासारखं बाक न सोडता 'ड' वर्गात. बरोबरीची पोरं नोकरीला लागली, हे अजून तिथंच.

मग माणसं टिकतात कशी? अक्का टिकतात त्या साडीच्या फॉलवर. टेबलाच्या उजव्या खणात तारखेचा शिक्का आणि पॅड, डाव्या खणात सुई, दोऱ्यांची रिळं आणि फॉलच्या घड्या. एक पुस्तक दिलं की शिक्का, मग चार बोटं टाके. पुस्तक परत आलं की दातांतला दोरा सोडवून बाजूला, पानं मोजून जमा, पुन्हा टाके. साडी कुणाची, कधी द्यायची, किती पैसे बाकी, याची वही त्यांनी दाखल नोंदवहीच्या धर्तीवर आखली आहे: अनुक्रमांक, तारीख, वर्णन, किंमत, शेरा. महिन्याच्या शेवटी फॉल-पिकोची जमा वाचनालयाच्या पगाराला मागे टाकते. अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा मार्च संपता संपता धापा टाकत पोचतो. साडीवाल्या बायका मात्र रोख देतात.

याच अक्कांच्या खात्यावर 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये येऊ लागले. मला हा प्रसंग महाराष्ट्राच्या ग्रंथालय इतिहासात नोंदवण्यासारखा वाटतो. घरात कुणी सरकारी विभागात कायम नोकरीला असेल तर बहीण अपात्र, अशी त्या योजनेची अट. अक्का पात्र ठरल्या. म्हणजे नियम शासनाचे, तपासणी शासनाची, नोंदवह्यांचे नमुने शासनाचे, बोर्डावर नाव शासनाचं, आणि अक्का शासनाच्या कुणीही नाहीत, हे शासनानेच तपासून मंजूर केलं. बहीण असण्याचे १,५००, ग्रंथपाल असण्याचे २,०००. बहिणीला साठा तपासणी नसते. पाचशे रुपयांसाठी एवढी दगदग का करता, असं मी विचारलं. "काय ओ, पेपर कोण उघडून ठेवणार? ही म्हातारी माणसं पायरीवर बसून राहतात," एवढं बोलून त्यांनी सुईत दोरा ओवला.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा. हार अक्का आणतात, स्वतःच्या पैशाने. म्हणजे देणगीत तेवढी आणखी भर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी सुमारे नऊशे अर्ज आले होते म्हणतात, आणि मुलाखतीची त्यांची तयारी म्हणजे विश्वकोशातला ग्रंथालयावरचा एक लेख. जानेवारी १९२४ मध्ये रुजू झाले आणि काही आठवड्यांतच कंटाळून 'मला परत शिकवायला पाठवा' म्हणून गेले. विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला धाडलं. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहिली. पुस्तकं वापरासाठी आहेत, वाचकाचा वेळ वाचवा वगैरे. पाचांत पगाराचं एकही नाही. नऊशे अर्ज येतील अशी नोकरी असताना ते सुचावं तरी कसं?

परवा एक पोरगा आला. बी.लिब. झालेला, एम.लिब. चालू, सेटची तयारी. अभ्यासिकेतल्या बाकीच्यांनी त्याला 'अभ्यास कशाचा करायलास?' विचारलं आणि उत्तर ऐकून आपापल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात डोकं घातलं. तो अदबीने टेबलाशी आला.

"अक्का, इथं ग्रंथपालाची जागा कधी निघेल?"

अक्कांनी साडीची घडी घातली, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी उठले की निघेल. पण आधी सांग, पिको येतो का?"