तीनशे पर्याय, एक बस

आमच्या भागातल्या पोट्ट्यांना बारावीनंतर काय करायचं ते कोणी सांगत नाही, ही जुनी ओरड आता थांबवावी. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या रोहण्यापर्यंत मार्गदर्शन पोचलं आहे, आणि असं पोचलं आहे की मोबाइलमध्ये ठेवायला जागा उरलेली नाही. निकालाच्या दुपारपासून फोनवर वेबिनारच्या लिंका, तज्ज्ञांचे व्हिडिओ, 'या ५ चुका टाळा' अशी रीघ लागते. पूर्वी हे सगळं काम एक मामा करायचा. तो नागपूरला नोकरीला असायचा, वर्षातून दोनदा यायचा आणि 'आयटीआय कर' एवढं सांगून जायचा. सल्ला चुकला तर मामाला दिवाळीत धरता यायचं. पोर्टल दिवाळीला येत नाही.

सरकारने या कामात कसूर केली असं कोणी म्हणू नये. २०१६ साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. पोराचा कल सात खान्यांत मोजायचा: शेती, कला-मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. कल मोजला, अहवाल हाती दिला. ललित कलेकडे कल निघालेल्या पोराने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं कुठे जायचं, हा प्रश्न चाचणीच्या कक्षेबाहेरचा होता. गणवेशधारी सेवेवाल्यांचं काही अडलं नाही. ते अहवाल यायच्या आधीपासूनच पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होते, पोलीस भरतीसाठी.

मग २०२० साली, शाळांना कुलूप असताना, युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं. नववी ते बारावीच्या मुलांसाठी शेकडो करिअर, हजारो कॉलेजं, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या, सगळं एका ठिकाणी आणि फुकट. शहरातले आईबाप समुपदेशकाला हजारो रुपये मोजून जे ऐकतात, ते इथे पैसे न देता वाचता येत होतं. कल्पना चांगली होती, हे उपहासाच्या सदरातही कबूल करायला हरकत नाही. फक्त आत शिरायला 'सरल' क्रमांक लागायचा. तो क्रमांक पोराचा, पण ठाऊक शाळेला, आणि शाळा बंद. अशा पोर्टलांवर सागरी जीवशास्त्रज्ञ कसं व्हायचं हेही सापडतं म्हणे. आम्हाला समुद्र नाही याबद्दल आमची तक्रार नाही. निम्न वर्धाचं धरण आहे, तेवढ्यात भागवू.

या सगळ्या साधनसंपत्तीचा खरा उपयोग कोणाला झाला असेल तर तो ऑनलाइन सेंटरवाल्या भाऊला. रोहण्यासारख्या कोणत्याही गावात जा, झेरॉक्सचं एक मशीन, एक संगणक, भिंतीवर पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा आणि बाहेर चपलांचा ढीग, हे आमचं उच्च शिक्षण संचालनालय. लॅपटॉप घरी नाही, फोनवर फॉर्म अर्धाच दिसतो, पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे. भाऊ हे सगळं जुळवतो. त्याने जुळवलेला पासवर्ड पोराला कधीच माहीत नसतो. भाऊच्या वहीत सगळ्या गावाचं भवितव्य निळ्या शाईने लिहिलेलं असतं आणि ती वही तो रात्री गल्ल्यात ठेवतो. राज्याचा विदा कुठे सुरक्षित आहे, असं कोणी मुंबईत विचारलं तर उत्तर हे आहे.

"भाऊ, मले कम्प्युटर पाह्यजे," पोरगं म्हणतं.

"कम्प्युटर त मलेही पाह्यजे, हा हँग होऊन राह्यला," भाऊ म्हणतो. "सिव्हिल टाकू का? ते लवकर उघडते."

अशा रीतीने महाराष्ट्राला दरवर्षी काही स्थापत्य अभियंते मिळतात.

गेल्या काही वर्षांत हा कारभार आणखी पसरला. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. तिथे एका पोरासमोर शंभर कॉलेजं, तेव्हा यंत्राने निवडावं हे समजू शकतं. २०२५ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. नऊ हजारांवर कॉलेजं, वीस लाखांवर जागा, एकच संकेतस्थळ. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि मुहूर्त २६ मेवर गेला. मेच्या मध्यात दहावीचा निकाल लागलेली पोरं ऑगस्ट उजाडला तरी वर्गात बसायची होती. आणि शेवटी जागा किती रिकाम्या? लाखोंनी. ज्या पोराला शाळेच्या दाराला लागूनच असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचं होतं, त्यालाही राज्याच्या गुणवत्ता यादीत नाव शोधावं लागलं. दारातून दारात जायला मुंबईमार्गे. फॉर्मवर पसंतीक्रम दहापर्यंत भरायची सोय होती. ज्या गावात कॉलेज एकच, तिथल्या आईबापांनी उरलेल्या नऊ ओळी फार आदराने वाचल्या.

बारावीनंतर ही उदारता वाढते. अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आमच्या आजीच्या काळात मुलीसाठी तीन स्थळं आली तरी घर भाग्यवान समजलं जायचं. आणि नियमही थेट त्या काळातलेच ठेवले आहेत. २०२५च्या प्रवेशात ठरलं की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर नाही म्हणायची सोय नाही, बोलणी पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं आलं तरी पक्की. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. चौथ्या फेरीत जे येईल ते गोड मानायचं, कारण मुहूर्त संपत आले आहेत आणि घरात वय वाढतं आहे. भाऊने हे नियम वाचून दाखवले तेव्हा बाकड्यावर बसलेल्या एका आजोबांना एकही शंका आली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की देणंघेणं किती. फी सांगितल्यावर म्हणाले, "मंग हुंडाच हाये की."

आता कागदपत्रं. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न, अधिवास. दाखला मिळाला तर वैधता अडते; वैधता येते तोवर नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपलेलं असतं. त्यावर तोड म्हणजे पावती. 'अर्ज केल्याची पावती तात्पुरती चालेल' हे आमच्याकडचं सर्वात दिलासा देणारं शासकीय वाक्य आहे. काही पोरांनी अख्खं प्रथम वर्ष पावतीवर काढलं, काहींना वाटतं पदवीही तशीच मिळेल.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल. तिथे ओटीपी येतो, तो आधारला जोडलेल्या क्रमांकावर. तो क्रमांक बापाने चार वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्याने आता दुसऱ्याच कोणाचा झालेला. मग अंगठा. कापूस वेचलेल्या, निंदण केलेल्या बोटावरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. पोरगी अंगठा ओढणीला पुसते, पुन्हा ठेवते. यंत्र म्हणतं, पुन्हा.

हे वर्धा जिल्ह्यात घडावं यात एक खास चव आहे. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. मुलाने हाताने काम करत शिकावं, हा तिचा गाभा. नव्वद वर्षं होत आली, आणि जिल्ह्याने हात सोडलेला नाही. हातातून फक्त अंगठा तेवढा ठेवला. आणि ज्या हाताने काम केलं, नेमका त्याचाच अंगठा नापास होतो.

मुलींचं मात्र भलं झालं. ८ जुलै २०२४च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. निर्णय चांगला आहे. आता एवढंच की गावातल्या मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकर योजनेत, पाचवी ते बारावी. म्हणजे बारावीपर्यंत बस फुकट. बारावी झाली की कॉलेज फुकट आणि बसला पैसे. दोन्ही एकदम फुकट असलेला दिवस कॅलेंडरात शोधायला भाऊने बराच वेळ दिला, सापडला नाही. सवलतीच्या पासात भागतं, म्हणा. पण पास असला तरी बस यावी लागते, आणि संध्याकाळी पाचच्या प्रॅक्टिकलनंतर वर्ध्याहून गावापर्यंत कसं यायचं हे कुठल्याही पोर्टलच्या 'नेहमीचे प्रश्न' या पानावर नाही. होस्टेलचा खर्च काढला की शंभर टक्क्यांतले पुष्कळ टक्के परत येतात.

एके काळी पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे इथून जायची. इंग्रजांच्या काळात कापसाच्या पट्ट्यात आलेली ही गाडी इतकी सावकाश चालायची की उतरून लघवी करून पुन्हा चढता येत असे, असं सांगणारी माणसं अजून आहेत. ती बंद पडली. ब्रॉडगेजची मागणी मात्र नियमित धावते, निवडणुकीच्या निवडणुकीला. त्या गाडीचं एक होतं, ती उशिरा आली तरी रुळावरूनच यायची. सर्व्हर कुठून येतो आणि कुठे जाऊन बसतो, ते भाऊलाही सांगता येत नाही.

गेल्या हंगामातली अशीच एक दुपार. पाऊस नुकताच उघडलेला, सेंटरात गर्दी, शेवटची तारीख, आणि पडद्यावर गोल फिरतं आहे. एक बाप सकाळपासून पोरीला घेऊन बाकड्यावर. तीनला भाऊच्या फोनवर संदेश आला. त्याने तो उभा राहून मोठ्याने वाचला: मुदत दोन दिवसांनी वाढवली आहे. चपला शोधायची एकच घाई झाली. बाप आभाळाकडे पाहून म्हणाला, "बरं झालं बाप्पा. मंग उद्या निंदण उरकून घेतो. हिलेही नेतो संगं."

"काका, तिले नका नेऊ," भाऊ पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "परवा अंगठा लावा लागते."