बोद्रुममध्ये भाऊजी

तुर्कस्तानातल्या बोद्रुमला लोक रात्रीसाठी जातात. आमच्यासोबत भाऊजी होते, त्यामुळे आधी संग्रहालय. भाऊजींचं पुण्यात, कसब्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. संगमरवरी पुतळ्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

संग्रहालय समुद्राकाठच्या किल्ल्यात आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी तो पंधराव्या शतकात बांधायला घेतला आणि पुढे मजबुतीसाठी दगड उचलले ते थेट मॉसोलसच्या समाधीचे, म्हणजे जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाचे! समाधीच्या जागी आता खड्डा आणि चार दगड.

भाऊजी खरे रमले ते उलुबुरुनच्या दालनात. इ.स.पू. चौदाव्या शतकात बुडालेलं जहाज. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यानं वर येऊन सांगितलं, खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत. मग १९८४ ते १९९४ बावीस हजारांवर बुड्या मारून माल वर काढला : दहा टन तांबं, एक टन कथील, निळ्या काचेच्या चकत्या, पाणघोड्याचे दात, शिवाय नेफरटीटीच्या नावाचा सोन्याचा इवलासा भुंगा. सगळी गर्दी भुंग्यापाशी. भाऊजी तांब्यापाशी.

"दहाला एक," ते पुटपुटले, "हत्यारांचं कांसं. आपल्या काशाच्या वाटीला कथील याच्या दुपटीनं लागतं."

"आता भाव नका विचारू," ताई म्हणाली. तोवर त्यांनी रखवालदाराला खुणेनं एका लादीचं वजन विचारलंही होतं.

अकराव्या शतकातल्या दुसऱ्या जहाजात तीन टन काच होती, त्यातली बरीचशी फुटकी, वितळवायला नेलेली. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं तुकडे जुळवून त्यातून बाटल्या, पेले उभे केले.

"म्हणजे भंगारवाल्याचं जहाज!" भाऊजींना गहिवरून आलं.

रात्री बार स्ट्रीटला गेलो. दोन बारमधली दोन गाणी आमच्या टेबलावर येऊन भांडत होती. भाऊजींनी राकी मागवली, पाणी ओतताच ती ताकासारखी पांढरी झाली आणि ताईचा निम्मा राग गेला. शेजारच्या टेबलावरच्या नाचऱ्या मंडळींनी एक ग्लास फोडला. पोऱ्या केरसुणी घेऊन धावला. "अरे, हळू! तुकडे मोजून ठेव," भाऊजी मराठीत ओरडले. पोऱ्यानं मान डोलावली आणि आमच्यापुढे शेंगदाण्यांची बशी ठेवली.

बिलात ती बशी होती. भाऊजींनी उरलेले शेंगदाणे हातरुमालात बांधले.