श्री. ट्रबलशूटिंगराव तक्ते यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. ट्रबलशूटिंगराव तक्ते यांसी,
मुक्काम : माहितीपुस्तिकेचे शेवटचे पान

कृ. सा. न. वि. वि.

आपली ओळख तशी अलीकडची. लाकूड कातण्याचा छोटा लेथ पिरनवाडीला घरी आला, तेव्हा त्याच्या खोक्यात थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये आपण पडून होता. तीन उभे रकाने : लक्षण, कारण, उपाय. पहिली ओळ वाचली आणि मन भरून आले. लक्षण : मशीन सुरू होत नाही. कारण : प्लग लावलेला नाही. उपाय : प्लग लावावा. इतके स्वच्छ विचार हल्ली कुठे वाचायला मिळतात?

दुसऱ्या ओळीपासून मात्र आपण जरा घाईत दिसता. मशीन मध्येच थांबते : विद्युत बिघाड : पात्र इलेक्ट्रिशियनला दाखवावे. मोटर गुणगुणते पण फिरत नाही : विद्युत बिघाड : पात्र इलेक्ट्रिशियनला दाखवावे. वेग कमी-जास्त होतो : पुन्हा तेच. म्हणजे विजेचा विषय निघाला रे निघाला, की आपण पायात चपला सरकवून दाराबाहेर. तक्तेसाहेब, आपल्या घराण्याचा व्यवसाय बिघाड काढण्याचा ना? मग बिघाड आला की असे घर सोडून जाणे बरे दिसते का?

पण आपली आज्ञा शिरसावंद्य. पात्र इलेक्ट्रिशियन शोधायला आम्हाला लांब जावे लागत नाही. खानापूर रस्त्याने बेळगावकडे निघाले की उद्यमबाग लागतेच. फाउंड्र्या, मशीन शॉप, दिवसरात्र फिरणारे चक. इकडच्या घराघरांत कोणीतरी आयटीआय केलेला टर्नर नाहीतर फिटर सापडतो. लेथ या विषयावर आम्हाला काही सांगायला येणे म्हणजे धाडसच आहे. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्यांच्या घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना घातला आणि १९४६ मध्ये बेंगळुरूला इलेक्ट्रिक मोटरींचा. लेथ आणि मोटर या दोन्ही गोष्टींचे माहेर ज्या मुलखात, तिथे येऊन आपण सांगता, प्लग लावावा.

असो. उद्यमबागेतले एक जाणकार येऊन गेले. चारशे पंधरा व्होल्ट, थ्री फेज, स्टार-डेल्टा स्टार्टर यांत हयात गेलेला माणूस. त्यांनी आपल्या यजमानाचा हेडस्टॉक दोन बोटांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, "काका, हे पोरांचं खेळणं हाय की. आत सगळं कार्डावर. कार्ड गेलं की गेलं, त्यात मी काय बघू?" मग घराच्या वायरिंगचे काम करणाऱ्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, "हे मशीन हाय काका, मी घरातलं करतो. उद्यमबागेत दाखवा की." असा हा आपला पात्र इलेक्ट्रिशियन. एकाला मशीन फार लहान, दुसऱ्याला फार मोठे.

शेवटी तो वायरमन मुलगाच दया येऊन बसला. त्याच्या हातात टेस्टर होता. आमच्याकडे टेस्टर पेटला की सप्लाय आला, असे मानायची पद्धत आहे. तो फेजला लावला की पेटतो, मग न्यूट्रल कुठेतरी तुटलेले का असेना. टेस्टरला न्यूट्रलशी काही देणेघेणे नसते. म्हणून होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, फेज-न्यूट्रलमध्ये लावून बघावा लागतो. तो पूर्ण उजेडाने पेटला तरच सप्लाय खरा. एवढी गोष्ट आपल्या पहिल्या ओळीत बसली असती. प्लग लावावा, या उपदेशाच्या जागी तर सहज.

त्याने टेस्टर मशीनच्या बॉडीलाही लावला. पेटला. मी हात लावला तर झिणझिण्या. "काका, बॉडीला करंट येतोय. मशीन परत पाठवा," असा निकाल लगेच लागला. आता ऐका. आपल्या मशीनची पिन जाड, गोल, दोन पायांची. ती भारतीय सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत बसते आणि चालतेही. पण तिचा अर्थिंगचा संपर्क बाजूच्या पट्टीवर असतो, आमच्या सॉकेटचा अर्थिंग वरच्या मोठ्या भोकात. दोघांची गाठच पडत नाही. आणि आतल्या कार्डावर विजेचा गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्याचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते, मीटरवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा, पण हाताला कळणारा. बिघाड मशीनमध्ये नाही, पिनेत आहे. ती पिन कापून चांगली तीन पायांची बसवली, हिरवी वायर वरच्या पायाला आवळली, की झिणझिण्या गेल्या. मात्र घराचे अर्थिंगही जिवंत हवे. आमच्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात दोन बादल्या पाणी ओतावे लागते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार?

यावर एक आगाऊ सूचना. खऱ्या गळतीनेही बॉडीला करंट येतो. म्हणून झिणझिण्या आल्या तर 'फिल्टरचं असेल' म्हणून तसेच काम चालू ठेवू नये. आधी अर्थिंग, मग घरात तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी. अर्थिंग जोडल्यावर तो पडत असेल तर गळती शोधायची, आरसीसीबी काढून टाकायचा नाही.

काढून टाकायचा विषय आलाच आहे, तर आपल्यावरचा मुख्य राग इथे सांगतो. आपल्या मशीनला विजेच्या वाटेवर चार पहारेकरी आहेत. एक, हिरव्या-लाल बटणांचा स्विच. करंट गेला की आतल्या नो-व्होल्ट कॉइलमुळे तो सुटतो आणि करंट परत आला तरी हिरवे दाबल्याशिवाय मशीन फिरवत नाही. दोन, लाल छत्रीसारखे बटण. दाबले की अडकते, पिळल्याशिवाय सुटत नाही. तीन, ओव्हरलोडचे टिकलीएवढे बटण. मोटर तापली की बाहेर येते आणि थंड होईपर्यंत आत बसत नाही. चार, पट्ट्याच्या दारामागचा मायक्रोस्विच. दार उघडले की लाइन तोडतो. शिवाय वेगाची मूठ शून्यावर आणल्याशिवाय कार्ड मोटर सुरू करत नाही, तो पाचवा म्हणा.

हे सगळे आपले काम चोख करतात तेव्हा मशीन बंद पडते. आणि आपल्या तक्त्यात बंद पडणे म्हणजे बिघाड. कोणता पहारेकरी कधी अडवतो, त्याची समजूत कशी घालायची, याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. मग घरोघरी काय होते? तो मुलगा म्हणाला तेच : "काका, हे स्विच-बिच कशाला? डायरेक्ट करून टाकूया की. काय हुत नाही."

डायरेक्ट! तक्तेसाहेब, या शब्दाची ताकद आपल्याला ठाऊक नसेल. आमच्याकडे ही सर्वरोगहर मात्रा आहे. शेतात विहिरीवरच्या स्टार्टरमध्येही हेच हिरवे-लाल बटण आणि हीच नो-व्होल्ट कॉइल असते. रात्री-अपरात्री करंट आला की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून लोक त्यात काडी खुपसून ठेवतात. पंपाचे एक वेळ ठीक. पण लेथवर फणसाचा ठोकळा लावलेला, पटाशी टेकणावर, माणूस करंट गेला म्हणून चहाला उठलेला, लहान पोर तिथे खेळत आलेले, आणि करंट परत आला, तर? ती कॉइल एवढ्यासाठीच आहे. व्होल्टेज फार उतरले की ती सोडून देते, याला लोक 'स्विच खराब' म्हणतात. वास्तविक शेजारच्या बोअरचा मोठा पंप सुरू होतो तेव्हा, किंवा लांब, बारीक एक्स्टेंशन वायर वापरली तेव्हा, हे होते. वायर जाड करा, सॉकेट जवळ करा, पिन गरम होते का पाहा. कॉइल बिचारी खरे बोलत होती.

आता माझ्याकडचा मूळ आजार सांगतो. तो आपल्या दुसऱ्या ओळीतला, मध्येच थांबतो हा. बाभळीचा चौकोनी ठोकळा लावला की सुरू होऊन थोड्या वेळात टप्पदिशी बंद. मूठ शून्यावर आणून हिरवे दाबले की लगेच चालू. गोल झालेले लाटणे लावले तर दुपारभर फिरते, कुरबूर नाही. गल्लीतल्या सगळ्यांचे एकमत झाले : व्होल्टेज. पिरनवाडीत कशाचेही खापर व्होल्टेजवर फोडता येते.

पण मीटर सॉकेटवर लावून ठेवला आणि ठोकळा फिरवला. दोनशे सव्वीस. मशीन थांबले त्या क्षणीही दोनशे सव्वीस. म्हणजे घराचा सप्लाय निर्दोष. हिरवे दाबल्यावर तत्काळ सुरू होते, म्हणजे ओव्हरलोड नाही; तो असता तर मोटर थंड होईपर्यंत हटून बसला असता. कार्ड गेले म्हणावे तर गोल लाकडावर ते कसे चालते? मग चौकोनी आणि गोल यांत फरक कशाचा? हादऱ्याचा. कोपरे असलेला ठोकळा हेडस्टॉक थरथरवतो. आणि हेडस्टॉकवर सगळ्यात सैल काय? पट्ट्याचे दार.

मशीन चालू असताना दारावर तळहात घट्ट दाबून धरला. थांबले नाही. काढला, थांबले. मग प्लग काढला, आणि कार्डावरचे मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ दिला. त्यांत तीनशे पंचवीस व्होल्टपर्यंत भरून असतात आणि प्लग काढला म्हणून ते लगेच विसरत नाहीत. मागचे झाकण खोलून मायक्रोस्विचची एक वायर सुटी केली, मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला, दोन्ही टोकांना दांड्या लावल्या. दार बंद, मीटर पीं करून ओरडतोय. दारावर नखाने टिचकी मारली. पीं तुटला, परत आला. पुन्हा टिचकी, पुन्हा तुटला. दाराच्या आतल्या पत्र्याची जीभ स्विचच्या टोकाला जेमतेम शिवत होती, केसभर. हादरा बसला की ती केसभर मागे सरकायची, लाइन डोळ्याचे पाते लवावे इतका वेळ तुटायची, आणि त्या तेवढ्या वेळात पहिला पहारेकरी, ती कॉइल, सुटून बसायची. चौथ्याने खाकरले, पहिल्याने दार लावून घेतले. दोष कुणाचाच नाही, फक्त खोक्यातून येताना जीभ वाकलेली.

पक्कड घेऊन जीभ पुढे वाकवली, वायर पुन्हा घातली, सैल लग दाबून घट्ट केला. एवढेच. त्या मुलाचे डायरेक्ट केले असते तर त्या दिवशी मशीन चाललेच असते, आणि पुढे कधीतरी दार उघडे ठेवून कोणी पट्टा बदलताना हिरवे बटण दाबले गेले असते.

चन्नपट्टणची लाखेची खेळणी करणारे जुने कातारी दोरी ओढून लेथ फिरवत. त्यांना आपली गरज पडली नाही, हा त्यांचा सुदैवाचा भाग. आम्ही मात्र आपल्याच भरवशावर आहोत, म्हणून एकच मागणे. पुढच्या छपाईत 'मशीन मध्येच थांबते' या ओळीचा दुसरा रकाना जरा रुंद करा. लगेच सुरू होते का थोड्या वेळाने? ठोकळा हलतो तेव्हाच का कधीही? संध्याकाळी पंप लागतात तेव्हाच का? दार दाबून धरले तर काय? एवढे चार प्रश्न छापलेत, तर पात्र इलेक्ट्रिशियनची वाट न पाहता कितीतरी मशिने चालू होतील. आणि जी कार्डावर खरोखर गेली असतील, काचेचा फ्यूज उडून काळा झालेला असेल, न्यूट्रल सुटून तीनशेच्या वर व्होल्टेज आल्याने आतली संरक्षक चकती फुटलेली असेल, त्यांच्यासाठी खुशाल लिहा, दाखवावे म्हणून. तिथे तो माणूस खरोखर लागतो.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक हौशी कातारी, पिरनवाडी

ता. क. कार्बन ब्रशचा एक सुटा जोड खोक्यात दिलात त्याबद्दल आभारी आहे. ब्रश झिजले की मोटरमधून ठिणग्या जास्त उडतात आणि वेग डळमळतो, हेही आपण सांगितले नाहीत, ते चालेल. पण ब्रश कुठे बसवायचे ते दाखवणारे आपल्या शेजारचे चित्र कुठल्यातरी ड्रिल मशीनचे आहे. तेवढे बघावे.