प्रश्न बंद करणाऱ्यांस अनावृत पत्र

स्टॅक ओव्हरफ्लोवरील समस्त जाणत्या, ज्येष्ठ आणि गुणसंपन्न सभासदांस,

सा. न. वि. वि.

वरच्या नमस्काराबद्दल आधीच क्षमा असावी. तुमच्याकडे प्रश्नाच्या सुरुवातीला 'नमस्कार मंडळी' लिहिले तर यंत्रणा ते छाटून टाकते, आणि शेवटी 'धन्यवाद' म्हटले तर कोणीतरी जागरूक सभासद ते पुसून जातो, याची कल्पना आहे. पण आमच्याकडे पत्राची रीत अशीच आहे. तर पत्रास कारण की, तुमचे अभिनंदन करायचे आहे. २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी जगभरच्या प्रोग्रामरांसाठी प्रश्नोत्तरांची ही जागा उघडली. ऐन भरात तिथे महिन्याला दोन लाखांच्या घरात प्रश्न येत. त्यांत अर्धवट प्रश्न किती, पुन्हापुन्हा तेच विचारणारे किती, कॉलेजची असाइनमेंट जशीच्या तशी चिकटवणारे किती! तुम्ही झाडू हाती घेतलात, आणि २०२५ सरता सरता हा आकडा महिन्याला काही हजारांवर आला. एवढी स्वच्छता कोणत्याही नगरपालिकेला आजवर साधलेली नाही.

तुमची व्यवस्था खरोखर अभ्यासण्याजोगी आहे. नवा माणूस येतो तो रेप्युटेशनच्या एका गुणानिशी. आवडलेल्या उत्तराला मत द्यायचे तर पंधरा गुण हवेत, दुसऱ्याच्या प्रश्नाखाली टिप्पणी करायची तर पन्नास. म्हणजे 'तुम्ही पायथनची कोणती आवृत्ती वापरता?' एवढे साधे विचारायची त्याला मुभा नाही. थेट उत्तर मात्र ठोकता येते! बिचाऱ्याने उत्तराच्या चौकटीत शंका लिहिली, की 'हे उत्तर नव्हे' म्हणून ती उडवली जाते. उलट तीन हजार गुणांच्या मालकाला प्रश्न बंद करण्यासाठी, म्हणजे त्यावर नवी उत्तरे येऊ न देण्यासाठी, मत देता येते. पूर्वी अशी पाच मते लागत, २०१९ पासून तीन पुरतात. आणि त्या विषयाचे सुवर्णपदक गाठीशी असेल तर 'हे आधीच विचारून झाले आहे' हा शिक्का एकट्यालाही मारता येतो. उत्तर लिहायला अर्धा तास जातो, बंद करायला दोन टिचक्या. ज्या जागी दार लावणे दार उघडण्यापेक्षा इतके स्वस्त असते, तिथे कालांतराने काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे त्या चॅटजीपीटीने केले, आमच्या माथी का मारता? या म्हणण्यात तथ्य आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ते आले आणि पुढच्या सहा महिन्यांत तुमच्याकडची वर्दळ, जिथे ते सहजासहजी मिळत नव्हते अशा रशियन व चिनी संस्थळांच्या तुलनेत, सुमारे पाव हिश्शाने घटली, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे वगळता. ही घट केवळ नवशिक्यांच्या किंवा टाकाऊ प्रश्नांची नव्हती. सर्व प्रतींचे लेखन आटले. शिवाय नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षितांना इथे परके वाटते, ही कबुली तुमच्याच कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर लेख लिहून दिली होती. तेव्हा कुठे होते चॅटजीपीटी? माणसे निघायच्या तयारीत होतीच, फक्त जायला दुसरी जागा नव्हती. ती मिळाली, आणि तिथले यंत्र तर बावळटातल्या बावळट प्रश्नालाही 'छान विचारलेत' म्हणते. ते पुष्कळदा चुकते, ठासून चुकते. पण ते प्रश्न बंद करत नाही.

दुसरे समर्थन असे, की विचारण्यासारखे सगळे विचारून झाले आहे, आता उरले ते संग्रह सांभाळणे. हा युक्तिवाद एखाद्या पुराणवस्तू संग्रहालयाच्या क्युरेटरला शोभेल. तुमचा विषय दर दोन वर्षांनी कात टाकतो. २०११ सालचे जेक्वेरीतले उत्तर आज कोणाला दाखवायचे? तुमच्याकडे विचारणाऱ्याने एकदा पसंत केलेले उत्तर वर्षानुवर्षे माथ्यावर चिकटून राही, ते कितीही शिळे झाले तरी. २०२१ मध्ये कुठे ते खाली सरकू लागले. आणि 'मूलभूत' प्रश्नांचे म्हणाल, तर व्हिम या टेक्स्ट एडिटरमधून बाहेर कसे पडायचे हा २०१२ सालचा प्रश्न घ्या. मॅन्युअल उघडले असते तर मिळाले असते, असे त्याबद्दल कोणीही म्हणू शकले असते. २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा वाचला गेला आणि कंपनीने त्यावर कौतुकाचा लेख लिहिला. त्या लाखोंपैकी प्रत्येकाला तो प्रश्न विचारायची लाज वाटत होती. कोणा एकाने ती बाजूला ठेवली. समाजाचे ज्ञान वाढते ते अशा निर्लज्जांमुळे.

तिसरा मुद्दा मात्र मला आदराने घेतला पाहिजे. तुम्ही फुकट राबता. संध्याकाळी ऑफिसातून थकून आल्यावर 'प्लीज सेंड कोड, अर्जंट' वाचून डोके फिरणे स्वाभाविक आहे, आणि कडकपणा नसता तर तो संग्रह इतका भरवशाचा झालाच नसता. मान्य. पण कडकपणा उत्तराबाबत असावा, विचारणाऱ्याबाबत नव्हे. पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश या भाषांत तुमची भावंडे निघाली, एकाही भारतीय भाषेत निघाली नाही. विचारणाऱ्यांत मोठा वाटा भारताचा. नांदेडच्या कॉलेजातली मुलगी तिसऱ्या भाषेत प्रश्न मांडते. तो धड न मांडता येणे हा तिच्या बुद्धीचा दोष नसतो. तिला आज गप्प केलेत, म्हणजे पाच वर्षांनी हिंजवडीत बसून इतरांना उत्तरे देणारी एक व्यक्ती गमावलीत. तुम्ही स्वतः कधीतरी एका गुणाचे होतातच ना?

आणि नियतीचा विनोद पाहा. यंत्राने लिहिलेली उत्तरे काढून टाकायला कंपनी आडकाठी करते म्हणून जून २०२३ मध्ये तुमच्यातल्या नियामकांनी संप केला. तो संप योग्यच होता. पुढच्या मे महिन्यात कंपनीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला आणि तुमचे सारे लेखन यंत्राच्या शिकवणीला गेले. रागावून काहींनी स्वतःची उत्तरे पुसायला घेतली, तर खातीच गोठवली गेली. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पुसणाऱ्यांना स्वतःचे शब्द पुसता येईनात! पण खरे नुकसान याहून मोठे आहे. आज जो प्रश्न यंत्राला खासगीत विचारला जातो, त्याचे उत्तर एकालाच मिळते. ते चुकले तर खाली 'अहो, हे चालत नाही' असे लिहिणारा कोणी नसतो, आणि उद्या त्याच जागी अडकणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही. यंत्र शिकले ते तुमच्या चव्हाट्यावरच्या वादांतून. नव्या अडचणींचे वाद कुठे होणार?

म्हणून विनंती एवढीच: आज जे मोजके प्रश्न येतील, त्यांतला पहिल्यांदाच विचारणाऱ्याचा एक निवडा. तो धड लिहिलेला नसेल तर दुरुस्त करा, आधी विचारला गेला असेल तर जुने उत्तर आजही चालते का ते स्वतः तपासून पाहा, आणि मगच बंद करायचा की नाही ते ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गुणसंख्या १