तीर्थरूप मंगळवार यांस

ती. मंगळवार यांस,

सा. न. वि. वि.

आपण मला ओळखणार नाही. पण 2018 च्या मे महिन्यात भूतानमधल्या फुंतशोलिंग गावी, बंद शटरसमोर हातात यादी घेऊन उभा असलेला एक मध्यमवयीन मराठी गृहस्थ आपण पाहिला असेल. तोच मी. त्या दिवशी आपल्याबद्दल मी जे काही मनात म्हणालो, ते इथे लिहिण्याजोगं नाही. आज हे पत्र आभाराचं आहे.

आधी यादीचं सांगतो. शेजारच्या देशात जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी "जपून जा" म्हणत नाही. "येताना एक आण" म्हणतात. माझ्या यादीवर पाच नावं होती. साडू (हे फक्त स्कॉच पितात, म्हणजे दुसऱ्याने आणलेली), ऑफिसातले साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, धाकटा मेहुणा आणि साताऱ्याचे मामा. मामा निवृत्त सुभेदार. मिलिटरी कॅन्टीनची बाटली ही आमच्या घराण्यात वंशपरंपरागत चालत आलेली एकमेव जहागीर. पण भूतानात बाटली लष्करच बनवतं असं ऐकल्यावर ते फोनवरच सावधान झाले.

ऐकलं ते खरं होतं. तिथल्या लष्कराने 1976 साली आर्मी वेल्फेअर प्रोजेक्ट काढला, निवृत्त जवानांच्या कल्याणासाठी. गेलेफू आणि समद्रुप जोंखार इथे त्यांच्या भट्ट्या आहेत. त्यांची सगळ्यात मानाची व्हिस्की म्हणजे के-फाइव्ह. नावातला पाच आकडा पाचव्या राजाचा. राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांचा राज्याभिषेक 6 नोव्हेंबर 2008 ला झाला, त्या निमित्ताने ही बाटली आली. आमच्याकडे राज्याभिषेकाच्या आठवणीसाठी पुतळे उभारतात. असो.

तिची कीर्ती मला खेचून घेऊन गेली, त्यामागे कारण होतं. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीच्या पोटात बहुतेक वेळा मळीचं स्पिरिट असतं. मी ऊसपट्ट्यातला माणूस. ज्या कारखान्याला आमचा ऊस जातो, त्याचीच मळी फिरून माझ्या ग्लासात आली, तर तिला विदेशी म्हणताना जीभ अडखळते. के-फाइव्हमध्ये स्कॉटलंडहून आणलेलं माल्ट आणि भूतानात काढलेलं धान्याचं स्पिरिट. एवढं कळल्यावर माणूस हिमालय चढतो. (गोव्यात कुंकळ्ळीला चांगली सिंगल माल्ट बनते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण गोव्याला जाऊन आलं म्हणून कुणी स्टेशनवर घ्यायला येत नाही.)

शनिवारी थिंफूला पोचलो आणि तिथली दुकानं पाहून गहिवरलो. निळ्या पाटीवर 'जनरल शॉप कम बार'. आत मॅगी, साबण, छत्र्या, मेणबत्त्या आणि त्याच फळीवर के-फाइव्ह. काउंटरवर एक बाई स्वेटर विणत बसलेल्या. आपल्याकडे 'वाईन शॉप' नावाच्या, वाईन क्वचितच खपणाऱ्या दुकानात लोखंडी जाळीतून हात घालायचा आणि काळ्या पिशवीतली बाटली छातीशी धरून पळायचं. शिवाय अंगावर परवाना हवा. एक दिवसाचा पाच रुपये, जन्माचा हजार. आणि तो कशासाठी, तर प्रकृती जतन करण्यासाठी! इथे बाईंनी विणकाम खाली ठेवलं, बाटली पुसली आणि सुट्टे पैसे परत दिले. रुपया आणि न्गुलत्रुम एकाच मोलाचे, त्यामुळे हिशेबातही डोकं खपलं नाही.

एकच घेतली, चवीपुरती. ती रविवारी रात्री संपली. जिभेवर गोडसर आणि घशात सभ्य. दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर. यादीवरच्या पाच तेव्हाच घ्यायच्या होत्या, पण सौ. म्हणाल्या, "अजून डोंगर चढायचाय, उगाच ओझं कशाला? परतताना घ्या." गाडीवाल्यानेही मान डोलावली. फुंतशोलिंगला सगळं मिळतं, म्हणाला. त्याने वार सांगितला नाही.

सोमवारी पारोजवळचं तक्तसांग. कड्याला चिकटलेला मठ, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. मठाच्या अलीकडे कड्यावरून एक धबधबा पडतो. तिथे सौंनी पिशवीतून रिकामी के-फाइव्ह काढली. तीन-तीनदा विसळली आणि त्या पाण्याने भरून घेतली. "तीर्थ आहे," म्हणाल्या, "प्लॅस्टिकच्या बाटलीत कसं न्यायचं?" काचेचं पावित्र्य त्यांना पटलेलं पाहून मी गप्प राहिलो. संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या घरी आरा, म्हणजे तिथली घरगुती दारू, मिळाली, लोण्यात अंडं परतून त्यावर ओतलेली, कढत. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की गुडघे दुखायचे थांबले.

आणि मग आपण उगवलात.

पारोहून फुंतशोलिंगला उतरेपर्यंत मला कल्पना नव्हती की त्या देशात मंगळवारी दारूविक्री बंद असते. पहिल्या दुकानात बाई हसल्या. दुसऱ्यात बोट कॅलेंडरकडे गेलं. तिसऱ्यात बाटल्यांवर पडदा ओढलेला. चौथ्याचं शटर खाली. मी देवाचा वार म्हणून आपल्याला आयुष्यभर मानत आलो. घरी या दिवशी अंडंसुद्धा शिजत नाही. पण परमुलखात आपण माझ्या मागावर याल असं वाटलं नव्हतं. शंभर पावलांवर, कमानीपलीकडे भारतातलं जयगाव. तिथे जगातली सगळी व्हिस्की, फक्त मला हवी ती सोडून. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत आमची गाडी निघणार होती.

अहो, पाच माणसांचे पाच चेहरे डोळ्यांसमोर आले. साडूंचा तर दोनदा आला.

आता आभाराचं. विमानाने येणाऱ्याचा दोन लिटरचा नियम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पण 2016 चे बॅगेजचे नियम मी घरी परतल्यावर वाचले. भूतानहून जमिनीवरून येणाऱ्याला तेव्हा शुल्कमाफी होती ती फक्त वापरातल्या सामानाला. आणि पाच सीलबंद बाटल्या कोणत्या अर्थाने 'वापरातल्या' म्हणायच्या? त्याहून मोठी गंमत म्हणजे आमची मुंबईची रेल्वे न्यू जलपाईगुडीहून सुटून कटिहार, पाटणा करत येते. बिहारात एप्रिल 2016 पासून दारूबंदी. आम्ही तिकीट काढलं तेव्हा खिडकीजवळची जागा मिळते का, एवढंच पाहिलं होतं.

कटिहार सुटल्यावर दोन खाकी वर्दीवाले डब्यात शिरले. समोरच्याची ट्रंक उघडली, बाजूच्याचं गाठोडं चाचपलं. मग आमची पिशवी. वरच के-फाइव्ह, सोनेरी अक्षरांत. दोघांच्या चेहऱ्यावर सण आला. बूच निघालं. पहिल्याने वास घेतला, दुसऱ्याने घेतला. तळहातावर चार थेंब ओतून पुन्हा घेतला. सौ. आमच्याकडच्या हिंदीत ओरडल्या, "अहो भैया, वो तीर्थ है! पहाड के देव का! सांडू नका!" वर्दीवाल्याने ते चार थेंब कपाळाला लावले, बूच घट्ट बसवलं आणि बाटली दोन्ही हातांनी परत दिली. त्या क्षणी पिशवीत आणखी पाच असत्या, तर हे पत्र मला पाटण्याहून लिहावं लागलं असतं. म्हणून हे दंडवत.

यादीवाल्यांचं म्हणाल, तर साहेबांनी समजून घेतलं, सेक्रेटरींनी पार्किंगचा विषय काढला, मेहुण्याने गंगटोकचं तिकीट काढलं. साडू अजून बोलत नाहीत, हा दुसरा उपकार. मामांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून कॅन्टीनची रम काढली.

आता पुन्हा जायचं तर 2022 पासून भारतीयांनाही तिथे दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. एकेका बाटलीमागे किती रात्री पडतील, याचा हिशेब मी कागदावर मांडला होता. सौंनी तो पाहिला.

के-फाइव्हची बाटली आमच्या देवघरात आहे, गणपतीच्या उजव्या हाताला. सोनेरी अक्षरं भिंतीकडे वळवलेली. दर मंगळवारी पूजा झाली की सौ. तिच्यातलं पळीभर माझ्या तळहातावर घालतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक परवानाधारक (जन्माचा)