मोजा, पण एकच

हे गुरुजी तुमच्याही ओळखीचे असणार. गाव वेगळं, आडनाव वेगळं, एवढंच. पेन्शन सुरू झाली की यांचं शिक्षण सुरू होतं. आमच्या पेठच्या गुरुजींनी आधी हार्मोनियम घेतली. सारेगम चढताना आलं, उतरायचं राहिलं. मग मोडी. ती वाचता येते, लिहिता येत नाही. मग बुद्धिबळ, ज्यात ते फक्त पांढऱ्यानं खेळतात. यंदा फाल्गुन लागला आणि गुरुजी पायमोजे विणायला बसले.

लोकरीचे. फाल्गुनात. पेठमध्ये! सावळघाटात पळस पेटलेला, एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देतेय, आणि हा माणूस परसातल्या आंब्याखाली पाच सुया घेऊन बसलेला. “आत्ता शिकलो तर थंडीपर्यंत हात बसेल,” असा हिशेब. जन्मभर गणित शिकवलं. “मोजा!” म्हणून पोरांवर ओरडण्यात हयात गेली, आता स्वतःच मोजा करतो म्हणाले. हा विनोद मी पहिल्यांदा हसून ऐकला. अकराव्यांदा ऐकताना मी आळ्यातलं तण काढत होतो, आणि आळं त्यांचं होतं.

कारण गुरुजींकडे गेलेला माणूस रिकामा बसत नाही. वसंतात त्यांचं परसू पाहण्यासारखं असतं, हे मान्य करतो. मांडवावर दुधी आणि कारली, कडेला मिरची-वांगी, मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात नुकताच फुलायला लागलेला मोगरा. पावसाळ्यात नाशिकच्या दुपटीहून जास्त पाऊस पिणारं हे गाव, पण डोंगरावरून पाणी आलं तसं दमणगंगेवाटे गुजरातेत निघून जातं आणि शिमगा झाला की हंडे खडखडायला लागतात. म्हणून गुरुजींनी वेलांच्या बुडाशी भोकाची मडकी पुरलीत. भोकात वात असते. पूर्वी ती जुन्या धोतराची असे, आता उसवलेल्या लोकरीची आहे. यावरून किती उसवलं जात असेल ते समजा.

सगळं अडलं होतं टाचेशी. मोज्याची नळी कुणीही विणेल. चौसष्ट टाके, चार सुयांवर सोळा-सोळा, पाचवी सुई मोकळी, आणि बैल घाण्याला फिरतो तसं गोल गोल फिरायचं. पण टाच आली की निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्या बत्तिसांवर मागेपुढे बत्तीस ओळी घालायच्या, त्या पट्टीला मधोमध टाके घटवून वाटीसारखं वळवायचं, मग दोन्ही कडांचे टाके उचलून पुन्हा गोलात यायचं. हे गुरुजी यूट्यूबवरच्या एका परदेशी आजीबाईंकडून शिकले. त्या बाईंची भाषा यांना कळत नाही. “बोटं कळतात,” म्हणतात.

ओळी मोजायला त्यांनी सदऱ्याचे दोन खिसे वापरले. डाव्यात वालाचे बत्तीस दाणे. ओळ झाली की एक दाणा उजव्यात. एकदा मधेच लक्षात आलं की वाफ्याची एक कड मोकळी आहे. दोन्ही खिशांतले दाणे तिथे टोचले आणि परत येऊन विणायला बसले. मोजायला काही उरलंच नव्हतं. ती टाच वीतभर लांब झाली. वाल मात्र छान उगवले. पुढे कुणी “कितवी ओळ?” विचारलं की गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, वाफ्याकडे बोट दाखवायच्या.

पहिली नीट टाच वळली त्या सकाळी गुरुजी ती दाखवायला आख्खी गल्ली फिरले. होळी आली होती. पळसाची फुलं उकळून, तुरटी घालून आम्ही लहानपणी रंग करायचो, तसा त्यांनी केला आणि पांढऱ्या लोकरीची लड त्यात रात्रभर बुडवली. सकाळी लड पांढरीच. बाजारात आपण ज्याला लोकर म्हणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, त्याला फुलाचा रंग धरत नाही. गुरुजींचे हात मात्र कोपरापर्यंत पिवळेधमक! रंगपंचमीला त्यांच्यावर कुणी रंग टाकला नाही. लोकांना वाटलं, यांचं झालेलं दिसतंय.

तर मोजा झाला. पंजाची टोकं बेमालूम जोडणारा शेवटचा टाकाही जमला. या टाक्याला किचनेरचं नाव आहे. तोच, जो 1902 ते 1909 हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये म्हणून त्यानं तो काढला, अशी दंतकथा. गुरुजींनी मला ती निम्मी सांगितली.

मी म्हटलं, “आता दुसरा?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पास झालेल्या पोराला मी पुन्हा त्याच वर्गात बसवत होतो. “दुसऱ्यात शिकायचं काय आहे?”

इथून अनर्थ सुरू झाला. पुढचा मोजा त्यांनी वेगळ्या टाचेचा विणला, त्याच्या पुढचा पंजापासून उलटा वर. प्रत्येक नवा, प्रत्येक एकटा. दूधवाल्याला एक, पोस्टमनला एक, मला एक. गल्लीत सध्या कुणाचाही एकच पाय थंडीला तयार आहे. मी त्यांना वळणावर आणायला पुराणवस्तूंचा दाखला दिला. इजिप्तमधले लाल लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, इसवी सन 250 ते 420 मधले. अंगठ्याला वेगळं घर, म्हणजे चपलेत घालता यावेत. गुरुजींचे डोळे लकाकले. “म्हणजे आपल्या चपलेतही जमेल!” आणि लगेच अंगठ्याचा मोजा सुरू. त्या लंडनच्या मोज्यांबद्दल मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते दोन आहेत.

मग ते बागेकडे वळले. दुधीला फळमाशी लागते, म्हणून कोवळी फळं झाकायची असतात. लोक कागद बांधतात, पिशवी बांधतात. गुरुजींनी मोजा चढवला. पंधरा दिवसांनी काढून पाहिलं तर दुधीला टाच आलेली! चांगली वळलेली, बत्तीस ओळींची. काकूंनी तो चिरायला नकार दिला. गुरुजींनी तो सोमवारपासून गुरुवारपर्यंत ओट्यावर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. “निसर्गालासुद्धा जमलं,” म्हणाले. निसर्गानंही दुसरा केला नाही, हे मी मनात म्हटलं.

माणूस वैताग आहे, यात वाद नाही. पण परवा आंब्याखाली मोहोराचा सडा पडला होता, हातातली सुई तशीच धरून ते वर पाहत बसले होते, आणि सहज बोलून गेले. नोकरीत सहा बदल्या झाल्या. कधी जोगमोडीकडे, कधी कोहोरकडे, कधी नाव विचारत जावं लागेल अशा पाड्यावर. प्रत्येक शाळेच्या आवारात त्यांनी आंब्याची कोय लावली. कोयीचं झाड फळायला आठ-दहा वर्षं घेतं. गुरुजी चौथ्या-पाचव्या वर्षी ट्रंक उचलत. पहिलीत बोट धरून आणलेली पोरं चौथीत गेलेली काही ठिकाणी बघायला मिळाली, काही ठिकाणी नाही. त्या झाडांपैकी एकाचाही आंबा त्यांनी खाल्लेला नाही. “मोठी झालीत म्हणतात,” एवढंच म्हणाले आणि टाके मोजायला लागले.

मला वाटलं, सापडलं. या माणसाला दुसऱ्या मोज्यापर्यंत कुणी राहूच दिलं नाही. मी मोठ्या हळुवारपणे तसं बोलून दाखवलं.

“छे हो,” गुरुजी म्हणाले, “कंटाळा येतो.”

गुरुजींच्या घराखालच्या उतारावर राहणारी, काकूंना निवडायला-टिपायला मदत करणारी एक म्हातारी आहे. तिलाही मोजा मिळाला होता. तिच्या टाचांच्या भेगांत नाणं मावेल. पण पायात तिनं तो एकदाही घातला नाही. त्यात तिनं गुरुजींच्या दुधीचं बी भरलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि चुलीवर धुरात टांगला. कीड लागत नाही म्हणते. गुरुजींना हे कळलं तेव्हा मला वाटलं, दुखावतील. ते तडक तिच्याकडे गेले, तासभर बसले आणि येताना वरईचं, नागलीचं, खुरासणीचं बी कसं राखायचं ते शिकून आले. आता त्यांचं बियाणं सुरू आहे. सुया कुंडीत मिरचीला आधार म्हणून खोचल्यात.

म्हणजे मोजे बंद झाले. माझी अडचण तशीच आहे. माझ्याकडे करड्या रंगाचा, नऊ नंबरच्या पायाचा, पट्टीच्या टाचेचा एक मोजा आहे. पेठ किंवा करंजाळीच्या बाजूला कुणाला असाच एकटा मिळाला असेल तर थंडीआधी कळवा. दोघांपैकी एकाची तरी सोय होईल.